माणसं बसवून आवळलेले पाटे

मी हाडाचा फिटर. चिकलठाण्याच्या कारखान्यात मशिनी खोलायच्या आणि परत बसवायच्या, यातच उमर गेली. त्यामुळं लोखंडाच्या बाबतीत कुणी मला शिकवलेलं खपत नाही, आणि जवानीत तर बिलकुल खपत नव्हतं. आई म्हणायची, ह्याच्या नाकावर माशी बसायची सोय नाही, बसलीच तर तिला हा पाना फेकून मारील. खोटं कशाला बोलू, पाने फेकलेलेत मी.

तेव्हा बायको पाचोडला माहेरी होती. सहावा महिना सरत आला होता. त्याआधी दोनदा आमचं मूल पोटातच गेलं होतं. दुसऱ्या वेळी मीच तिला स्कूटरवर मागं बसवून दौलताबादला एका लग्नाला नेलं. येताना ती वाटेत गप्प झाली, घर येईपर्यंत अक्षर बोलली नाही, आणि त्याच संध्याकाळी दवाखाना झाला. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन समजावलं की असं रस्त्यानं होत नसतं, उगीच मनाला लावून घेऊ नका. मी मान हलवली. पण तो रस्ता काही माझ्या डोक्यातून गेला नाही.

तिसऱ्यांदा दिवस राहिल्याचं कळलं तेव्हा ती माहेरीच होती. मग जपायचं म्हणून तिथंच झोपून राहिली. मी तिच्या तपासणीचे कागद घेऊन डॉक्टरीणबाईंकडं गेलो तर त्या म्हणाल्या, सातवा संपायच्या आत इकडं आणून ठेवा, मूल लवकर आलं तर काचेच्या पेटीची सोय शहरातच आहे. घाबरायचं काही नाही, फक्त जपून आणा. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. मला त्यातलं 'जपून' एवढंच ऐकू आलं. एसटी नको, काळीपिवळी जीप तर नकोच नको, आणि तेव्हाची ॲम्ब्युलन्स म्हणजे आत बाकडं टाकलेली मॅटॅडोर. म्हणून ओळखीतल्या एका रिटायर साहेबांची जुनी फियाट मी घेतली.

गाडीचं इंजिन घड्याळासारखं चालायचं. पण मागून ती पार बसली होती. मागचे कमानीसारखे स्प्रिंगचे पाटे सपाट झाले होते, शॉकअपमधलं तेल कधीच गळून गेलं होतं, आणि खड्डा आला की बूड असं आपटायचं की पाठीचा मणका मोजून घ्यावा. ह्याच मागच्या सीटवर तिला बसवायचं होतं. गॅरेजमध्ये टाका असं सगळे सांगत होते. मी म्हणलं, गॅरेजवाल्याला काय कळतं? माझ्या लेकराची गाडी मीच करणार.

कंपनीचे पाटे तेव्हा सहज मिळत नव्हते. मोंढ्याजवळच्या एका दुकानात बाहेरच्या बनावटीचे होते. दुकानदारानं विचारलं, साधे देऊ का हेवी? हेवीत एक पाटा जास्त असतो. आता मराठवाड्यातल्या माणसाला असं विचारल्यावर उत्तर काय येणार? जीपमध्ये पंधरा माणसं आणि टपावर बोकड घेऊन जाणारा आमचा मुलूख. आमच्याकडं चांगलं म्हणजे मजबूत आणि मजबूत म्हणजे जाड. मी हेवी मागितले. तो बिचारा म्हणाला, भाड्याची गाडी आहे का घरची? मी म्हणलं, तुम्हाला काय करायचंय, द्या की गुमान. त्यानं दिले.

रविवारी सकाळी घरासमोर गाडी जॅकवर घेतली, खाली लाकडी ठोकळे लावले आणि कामाला लागलो. जुने बोल्ट गंजून बसले होते. रॉकेल ओतलं, हातोडा चालवला, तोंडानंही बरंच काही चालवलं. शेजारचे मामू कंपाउंडच्या भिंतीवर बसून बघत होते. मामूंनी सारी हयात टुरिस्ट गाडी चालवली होती, वेरूळ आणि अजिंठा. गुडघे गेल्यावर घरी बसले होते.  मी नवे पाटे चढवले, टोकांच्या भोकांत बुश, म्हणजे रबराच्या नळ्या, घातल्या आणि बोल्ट आवळायला घेतले तेव्हा मामू म्हणाले, "बेटा, अब्बी नक्को कस. पैले गाडी नीचे उतार, वजन डाल, बाद में कस."

मी पालथ्या हातानं घाम पुसला आणि म्हणलं, "मामू, मी रोज लोखंडच खातो. तुम्ही चहा घ्या."

"हौ," मामू म्हणाले, आणि खरंच चहा घेतला.

मी सगळे बोल्ट अंगातलं होतं नव्हतं ते बळ लावून आवळले. शॉकअप बसवले, चाकं लावली, गाडी खाली उतरवली. मागून ती अशी ताठ उभी राहिली की मला लई अभिमान वाटला. आता परीक्षा. आईला मागच्या सीटवर बसवलं आणि तिच्या हातात काठोकाठ भरलेला तांब्या दिला. म्हणलं, एक थेंब सांडला तर सांग. मुकुंदवाडीच्या रेल्वे फाटकापर्यंत नेलं आणि परत आणलं.

आई गाडीतून उतरली ती छातीपासून गुडघ्यापर्यंत भिजलेली. तांब्यात तळाला घोटभर पाणी होतं. ते तिनं तुळशीला घातलं आणि शांतपणे म्हणाली, "तिला ह्याच्यात आणणार असशील तर मीच पाचोडला जाऊन ऱ्हाते. बैलगाडी बरी रे, तिच्यात निदान कडबा तरी टाकता येतो."

बूड आपटायचं थांबलं होतं, हे खरं. पण आता गाडी जराही दबत नव्हती. बारीक खडा चाकाखाली आला तरी तो थेट सीटवर कळायचा. मी पाना उचलला आणि जोरात फेकला. तो मामूंच्या फाटकावर जाऊन आपटला. मामू उठले, पाना उचलून आणला, माझ्या हातात दिला आणि परत भिंतीवर जाऊन बसले.  मी तिथंच मातीत बसलो आणि बोलून गेलो, "मामू, हे तिसरं आहे. हेही गेलं तर ती जगायची नाही. आणि ह्यावेळीही मीच आणणारा आहे तिला."

दौलताबादची गोष्ट मी तोपर्यंत कुणालाच सांगितली नव्हती, आईलाही नाही. मामूंना सगळी सांगितली. त्यांनी ऐकून घेतली. अल्लाची मर्जी, नशीब, असलं काही ते बोलले नाहीत. म्हणाले, "गाडी भूकी है तेरी. ये पाटे दस आदमी के हैं, और तू बिठाने वाला दो. एक पाटा निकाल दे. और बोल्ट ढीले कर."

मग त्यांनी मला बुशचं गणित समजावलं, आणि मी फिटर असून ते आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. गाडी जॅकवर असताना पाटा खाली लोंबतो. तशात बोल्ट आवळला तर रबर त्या लोंबत्या जागीच पकडलं जातं. गाडी जमिनीवर आली की ते पिळतं, पाट्याला मोकळं हलू देत नाही, आणि दोन महिन्यांत फाटून जातं. म्हणून गाडी चाकांवर उभी करायची, जी माणसं बसणार तेवढं वजन आत ठेवायचं, आणि मग आवळायचं. अजिंठ्याच्या रस्त्यावर म्हाताऱ्या मेमसाहेबांना न्यायचं असलं की मामू आधी घरच्यांना गाडीत बसवायचे आणि स्वतः खाली शिरायचे. मशीन एका जागी उभं असतं हो, त्यात कुणी बसत नाही. मला कुठून कळणार होतं? अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे काही उगीच म्हणत नाहीत.

पुढच्या रविवारी परत सगळं खोललं. दोन्ही बाजूंचा एकेक पाटा काढून टाकला. मागची चाकं शहाबादी फरशांच्या थप्पीवर चढवली, म्हणजे मला खाली शिरायला जागा झाली, आणि पुढच्या चाकांना दगड लावले. मामूंनी विचारलं, कोण कोण बैठेंगे? मी म्हणलं, बायको आणि सासूबाई मागं, मी पुढं, डिकीत सामान. घरात ज्वारीची पोती होतीच. दोन डिकीत टाकली. एक स्टेअरिंगच्या मागं, माझ्या जागी ठेवलं. त्यावर आई म्हणाली, तुझ्यापेक्षा शहाणं दिसतंय. बायकोच्या जागी आई बसली. सासूबाईंच्या जागी बसायला कुणी नव्हतं, म्हणून मामू बसले. आईनं पदर डोक्यावरून घेतला आणि खिडकीबाहेर बघत बसली. मामू दुसऱ्या खिडकीबाहेर.

मी पाना घेऊन खाली शिरलो.  वरून आईचा आवाज आला. "पोरगी लई गुणाची हाय हो. कधी कुणाला उलटून बोलली नाय. देवानं तिला एवढं तरी द्यावं."

"देंगा, माँजी," मामू म्हणाले. "क्यूं नै देंगा?"

मी खाली उताणा पडून बोल्ट आवळत होतो. या वेळी जोर लावला नाही, हाताला कळेल एवढंच आवळलं. प्रत्येक बोल्टला दोनदा हात लावून बघितला. बाहेर आलो तेव्हा डोळ्यांत माती गेल्यासारखं झालं होतं, आणि आईनं विचारल्यावर मी मातीच गेली म्हणून सांगितलं.

परत तांब्या, परत मुकुंदवाडीचं फाटक. आईच्या पदरावर हाताच्या पंज्याएवढा ओला डाग पडला, बस. मामूंनी गाडीभोवती एक चक्कर मारली, मागची बाजू हातानं दाबून बघितली आणि मान हलवली. आता खुशाल जा, म्हणाले.

पाचोडचा बाजार टाळून मधल्या वारी गेलो, म्हणजे रस्त्यावर बैलगाड्यांची आणि जीपांची गर्दी नको. घरी पोचलो तर ती बाहेरच्या खोलीत तयार होऊन बसली होती. चेहरा भरला होता, पण नजर अजून तशीच होती, कुणाला तरी विचारून हसावं अशी. सासूबाईंनी मला आत बोलावलं आणि हळूच सांगितलं की इतक्या दिवसांत पोरीनं पोटातल्या बाळाबद्दल एक शब्द काढला नाही. कुंची शिवायला घेतली तर उठून गेली. दुपटी काढली तर म्हणाली, ठेवून दे. हलतंय का, एवढं विचारलं तरी नुसती मान हलवायची.  मला पाठवलेल्या पत्रांतही पाऊस, मोसंबी आणि आईचा दमा, एवढंच असायचं.

डिकीत वजनाला म्हणून मोसंबीची दोन पोती टाकली. सासूबाईंना वाटलं, जावयाला मोसंबी लई आवडती. मी खुलासा केला नाही. ती आणि सासूबाई मागं बसल्या. पाठीला गोधडी लावली, पायाखाली उशी ठेवली, आणि आम्ही निघालो.

मी अशी गाडी चालवली की सायकलवाले पुढं गेले. एक म्हातारा तर सायकलीवरून वळून वळून बघत होता, गाडी बंद पडलीय का म्हणून. पाटे दबत होते, हळूच वर येत होते. खड्ड्याला शॉकअप नुसता सुस्कारा टाकायचे. सुरुवातीला ती सासूबाईंशी काहीबाही बोलत होती, ह्याच्या शेतात काय लावलंय, त्याची विहीर आटली का. आडूळच्या अलीकडं रस्ता खोदलेला होता. तिथं पहिल्या गिअरवर चाकाखालचा दगडन्‌दगड बघत मी गाडी काढली. पलीकडं गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मागून आवाज येत नाहीये.

आरशात बघितलं. तिची मान सासूबाईंच्या खांद्यावर कलली होती आणि तोंड किंचित उघडं होतं. सासूबाईंचेही डोळे मिटलेले.  दौलताबादहून येतानाही ती अशीच गप्प झाली होती, आणि मला वाटलं होतं, दमली असेल. मी गाडी कडेच्या लिंबाखाली घेतली, धावत जाऊन मागचं दार उघडलं आणि तिचा दंड धरून हलवलं.

तिनं डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं, बाहेर बघितलं.

"काय झालं? कशाला थांबवली?"

"तू बोलत नव्हतीस."

"झोपलो होतो की आम्ही दोघं," ती म्हणाली आणि पोटावरचा पदर सारखा केला. "उठवलंत ना त्याला. आता बसलंय लाथा मारत."

सासूबाई जाग्या झाल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि लगेच नजर दुसरीकडं नेली. मी दार लावलं. पोती सरकली का बघतो म्हणालो, गाडीच्या मागं गेलो, डिकी उघडली आणि त्या झाकणाआड उभा राहून पोटभर रडून घेतलं.