बोर्डवाल्या बाईंची साक्ष

काचेच्या बाटल्यांच्या त्या कारखान्यात शिरलं की डाव्या हाताला जिन्याखाली एक खोली होती. खोली कसली, कपाटच म्हणा. आत एक टेलिफोन बोर्ड, एक खुर्ची आणि खुर्चीत बाई. बाईंना खरं नाव होतं, पण एकवीस वर्षांत ते हजेरीच्या वहीबाहेर फारसं पडलं नाही. मॅनेजरपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना बोर्डवाल्या बाई म्हणत.

बाईंचा कान भलताच तिखट. समोरच्यानं 'हॅलो' म्हणायचा अवकाश, की बाई विचारत, "बोला साहेब, दौऱ्यावरून कधी आलात?" कुणाला सर्दी झालेली असो, कुणी तोंडात घास ठेवून बोलत असो, बाई फसत नसत. एकदा पॅकिंगच्या मुकादमानं पैज लावून, नाक दाबून, बायकी आवाजात फोन केला. बाई म्हणाल्या, "मुकादम, नाक सोडा, जीव जाईल." आठवडाभर कारखाना हसत होता. बाईंचा नवरा शाळेत कारकून. तो म्हणायचा, "तुला पोलिसांत घ्यायला हवं होतं. कुत्र्याचा खर्च वाचला असता." बाई रागावत नसत. शिक्षण बेताचं, रूप बेताचं. आपल्याकडे हा एक गुण आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

एके दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाहेरून फोन आला. पुरुषाचा घोगरा आवाज. "भट्टीपाशी गॅस गळतोय. माणसं बाहेर काढा." एवढं बोलून फोन बंद. बाईंनी नियमाप्रमाणे धोक्याचा भोंगा वाजवला. चारशे माणसं जिन्यांवरून धावत सुटली. गॅस कुठेच गळत नव्हता. पण पॅकिंगमधली एक बाई गर्दीत जिन्यावरून पडली आणि तिचं मनगट मोडलं. भट्टी बंद करावी लागली, ती पुन्हा तापायला चार दिवस गेले.

चौकशी बसली. मॅनेजर, युनियनचे सेक्रेटरी आणि बोर्डवाल्या बाई.

"आवाज ओळखलात?" मॅनेजरनं विचारलं.

"हो. गोदामातल्या मफलरचा."

मफलर म्हणजे गोदामातला कारकून. बारा महिने गळ्यात मफलर, म्हणून हे नाव. त्या दिवशी सुट्टीत तो कारखान्याबाहेर गेला होता, हे गेटवरच्या वहीत होतंच. त्याला बोलावलं. तो दाराशी उभा राहिला.

"मी फोन केला नाही," तो म्हणाला. मग बाईंकडे वळला. "बाई, जरा नीट आठवून बघा."

"आठवायचं काय त्यात? मी माझ्या कानांनी ऐकलंय," बाई म्हणाल्या. "शंभर टक्के तुमचाच आवाज."

मफलर त्यावर काही बोलला नाही. त्याच्या गप्प बसण्याचा सगळ्यांनी एकच अर्थ काढला. युनियनच्या सांगण्यावरून पोलिसांत न देता त्याला कामावरून काढलं, आणि कागदावर कारणही लिहिलं.

दोन वर्षं गेली. एका सकाळी बोर्डावर बाहेरची लाइन लागली.

"हॅलो, ऑफिसशी बोलायचंय. सर्टिफिकेटसंबंधी."

बाईंच्या कपाळावर आठी आली. "मफलर, तुम्ही? इतक्या दिवसांनी?"

पलीकडून तोच घोगरा आवाज म्हणाला, "मी नाही. मी त्यांचा धाकटा भाऊ. त्यांच्या नोकरीचं सर्टिफिकेट हवंय."

बाईंनी लाइन ऑफिसला जोडून दिली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. बोर्डावर तीन दिवे लुकलुकत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी ते तसेच लुकलुकू दिले.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून त्या मफलरच्या घरी गेल्या. टायरच्या दुकानामागे दोन खोल्या. मफलर त्याच दुकानात पंक्चर काढायचा. दार त्याच्या बायकोनं उघडलं. तिनं बाईंना ओळखलं, पण या म्हणाली नाही. आतून मफलरच म्हणाला, "बसा, बाई."

बाई उभ्याच राहिल्या. "काल तुमच्या भावाचा फोन आला होता. मला वाटलं, तुम्हीच."

"सगळ्यांनाच वाटतं. आमची आईसुद्धा फसायची."

"म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"चौकशीच्या आदल्या दिवशी त्यानंच सांगितलं. नोकरी मागायला तीनदा गेटवर आला, तीनदा हाकलला. डोकं फिरलं त्याचं. लग्न ठरलं होतं. सांगितलं असतं तर सरळ तुरुंगात गेला असता."

"मी दोन वर्षं हेच ऐकतेय," बायको मध्येच म्हणाली. "भावाचं लग्न झालं, आम्ही पंक्चर काढतोय."

"मी साहेबांना सांगते," बाई म्हणाल्या.

"माझ्याबद्दल काय ते सांगा. त्याचं नाव घ्यायचं नाही. तेवढं कबूल असेल तरच."

बाईंना चटकन हो म्हणता येईना. पॅकिंगमधल्या त्या बाईची बोटं अजून नीट वळत नव्हती. तिला हलक्या कामावर टाकलं होतं. पण समोरच्या माणसाचं नुकसान आपल्या तोंडानं झालं होतं, हेही तितकंच खरं. शेवटी त्या हो म्हणाल्या.

त्यांनी मॅनेजरला लेखी दिलं: ओळखण्यात माझी चूक झाली, तो आवाज गोदामातल्या कारकुनाचा नव्हता.

मॅनेजरनं कागद दोनदा वाचला. "बाई, तुम्ही शंभर टक्के म्हणाला होतात."

"म्हणाले होते, साहेब."

"मग कोणाचा होता?"

"ते मला सांगता येणार नाही."

मॅनेजरला वाटलं, बाईंना माहीत नाही. बाईंनी तसं वाटू दिलं. त्यांना एक ताकीदपत्र मिळालं, तेही त्यांनी मुकाट्यानं सही करून घेतलं. युनियननं पाठपुरावा केला, पाचेक महिने कागद फिरले आणि मफलर गोदामात परत आला. मधली दोन वर्षं मात्र नोकरीत धरली नाहीत.

मनगट मोडलेल्या बाईनं एकदा जिन्याखाली येऊन सरळ विचारलं, "मग तो मेला कोण होता तरी?"

"माहीत नाही गं," बोर्डवाल्या बाई म्हणाल्या. साहेबांपुढे गप्प बसणं त्यांना जमलं होतं. हे बोलणं जड गेलं. त्यानंतर कितीतरी दिवस डब्यातली पोळी तशीच परत घरी जायची. नवऱ्यानं कारण विचारलं, तेव्हा त्यांनी त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. त्यानंतर कुत्र्याची थट्टा त्यानं कधी केली नाही.

पुढे आपोआप लाइन जोडणारं यंत्र आलं. बोर्ड उचलून नेला, जिन्याखालच्या खोलीत झाडू-बादल्या आल्या आणि बाईंची बदली गोदामात झाली. मफलरच्या शेजारचंच टेबल मिळालं. तिथे त्यांनी सहा वर्षं बाटल्यांच्या पेट्यांच्या पावत्या फाडल्या. पहिल्या दिवशी त्यानं त्यांना पावतीपुस्तकात कार्बन कसा घालायचा ते दाखवलं. कामाचं सोडून दोघं एकमेकांशी फारसं बोलत नसत, पण चहा आला की तो दोन कप घ्यायचा आणि एक त्यांच्या टेबलावर ठेवायचा.