फवारणीला गेलेला सुज्या

माणूस गेला की पुरवणीत लेख येतो आणि त्यात तो माणूस हमखास मनमिळाऊ निघतो. सतत हसतमुख, सगळ्यांच्या मदतीला धावणारा, आणि जाण्याआधी काहीतरी फार खोल बोलून गेलेला. तुम्ही तसलं काही वाचायला बसला असाल तर आधीच सांगतो, सुज्या तसला नव्हता. मदतीला बोलावलं की त्याचं पोट दुखायचं. माझी बाईक नेली की टाकी कोरडी करून आणायचा. आमचं शेवटचं बोलणं झालं ते त्या बाईकच्या आरशावरून, जो त्याने फोडला होता आणि मरेपर्यंत कबूल केलं नाही. मीसुद्धा लेख लिहिणारा नाही. मी आवाज काढतो. हळदीत, लग्नात, गणपतीत स्टेजवर उभा राहून सरपंच, आमदार, स्टँडवरचे भांडणारे रिक्षावाले, शाळेतले गणिताचे सर, सगळ्यांचे. लोक हसतात, कधी कधी मारायला येतात. पुरवणीवाले लिही म्हणाले म्हणून बसलोय, पण खरं सांगायचं तर दमलोय... बातमी सांगून दमलोय, तीच ती गोष्ट परत सांगून दमलोय.

बातमी आली तेव्हा मी रेवदंड्याहून अलिबागला चाललो होतो. रिक्षा चौलच्या पुढे गेली असेल. सुज्याबरोबर परदेशात नोकरीला गेलेल्या एका पंजाबी पोराचा व्हॉइस मेसेज आला. ड्रोन पडलं, सुज्या गेला, त्याला उचलून आणता आलं नाही, आम्ही मागे पळालो. एवढंच. मी तो परत लावला, कारण पहिल्यांदा मला वाटलं, सुज्याच कुणाचातरी आवाज काढून माझी घेतोय. आयुष्यभर मी लोकांना असं फसवत आलो, एकदा त्याने मला फसवायला हवं होतं. शेजारी बसलेल्या मासेवाल्या मावशीने विचारलं, "काय रं पप्या, आज तोंड बंद? तब्येत बरी हाय ना?" मी हो म्हटलं. स्टँडवर उतरलो आणि पुढे कुठे जायचं होतं तेच आठवेना.

शाळेत आम्ही एका बाकावर. सरांचा आवाज मी काढायचो आणि मार सुज्या खायचा, कारण त्याला हसू आवरायचं नाही. बारावीनंतर त्याने ड्रोन घेतलं आणि अलिबागपासून मुरुडपर्यंतच्या लग्नांत उडवायला लागला. समुद्रावर नवरा-नवरी हातात हात घालून चालणार, आणि हा एका डोळ्याने स्क्रीनकडे, एका डोळ्याने पंगतीकडे बघणार. ड्रोन आलं की सगळी वरात वर बघायची. नवरी हात हलवायची, म्हाताऱ्या पदर सारखा करायच्या. मग मी माईकवरून तोच आवाज काढायचो, र्र्र्र्ं... आणि आकाशात काही नसताना अख्खा मांडव माना वर करून उभा. सुज्या खुर्चीवरून खाली पडेपर्यंत हसायचा. आमचा धंदाच होता तो, अर्धा त्याचा, अर्धा माझा.

मग पनवेलचा एक एजंट भेटला. परदेशात नोकरी, शेतात औषध फवारायचे ड्रोन उडवायचे. तिकडे शेतं एवढी मोठी की माणूस चालत फवारायला गेला तर पीक कापायच्या वेळेला परत येईल, असं तो म्हणाला. सुज्याला ते वाक्यच आवडलं. त्याची आई, म्हणजे आमची काकी, बोंबील वाळत घालता घालता म्हणाली, "आपल्याकडली शेतं संपली काय रं?" हा म्हणाला, "आये, आपल्याकडं शेतांवर बंगले झाले. बंगल्यांवर काय फवारू?" तिने सुकवलेल्या कोलंबीचे सोडे बांधून दिले, बाळाकाकांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, मुंबईला विमानापर्यंत सोडलं. तो देश कुठला ते मी लिहीत नाही. काकी घरात ते नाव घेऊ देत नाही आणि ती ही पुरवणी कुणाकडून तरी वाचून घेणार. पण तुम्ही ओळखाल. तिथे एकच माणूस कधीपासून खुर्चीवर बसलाय, शेजारच्या देशात त्याने फौज घुसवलीय, आणि त्या लढाईला लढाई म्हटलं तर पोलीस येतात.

तिथे उतरल्यावर पासपोर्ट काढून घेतला आणि कळत नाही अशा भाषेतल्या कागदावर सह्या घेतल्या. थोडे दिवस बंदूक धरायला शिकवलं आणि ट्रकमध्ये घातलं. पहिला फोन आला तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. मी म्हटलं, "काय शेतकरी, फवारणी कशी चाललीय?" तो म्हणाला, "जोरात चाललीय. फक्त वरून आमच्यावर." मी हसलो. तो पण हसला, पण उशिरा. मग मी सवयीने ड्रोनचा आवाज काढला. तो एकदम हळू म्हणाला, "पप्या, तो आवाज नको काढू. इथं तो आला की लोक खड्ड्यात उड्या मारतात. काल मी पण मारली. खाली आधीच एक जण व्हता, मेलेला." माझ्या आवाजावर सुज्या हसला नाही, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

मी विषय बदलायला त्यांच्या मोठ्या साहेबाचा आवाज काढायला घेतला, टीव्हीवर लांबलचक टेबलापाशी बसतो तसा. सुज्या ओरडलाच, "गप! इथं फोन ऐकतात." मग कुजबुजत सांगितलं, त्याच्या खड्ड्यात तिथलाच एक पोरगा होता. गल्लीत कुणाशी तरी बोलताना लढाईला लढाई म्हणाला, म्हणून आत टाकला. आत गेल्यावर विचारलं, तुरुंग की आघाडी? तो आघाडीवर आला. ते ऐकून मी आमच्या गावाचा विचार करत बसलो. मी आमदारांचा आवाज काढला तेव्हा त्यांचे कार्यकर्ते घरी आले होते, त्यातल्या एकाने माझी कॉलर धरली, आणि मग स्वतः आमदारांनीच फोन करून सांगितलं की माझं नाक एवढं वाजत नाही रे. तिथे असतो तर मी केव्हाच ट्रकमध्ये असतो.

तो आरशाचा फोन झाला, त्यानंतर फोन बंद. मग त्या पंजाबी पोराचा मेसेज. मग सरकारी कचेऱ्यांत कितीतरी हेलपाटे, आणि शेवटी तिकडून आलेला एक कागद, की सुज्या मेला. शरीर नाही. कपडे, फोन, काही नाही. एजंटच्या ऑफिसला कुलूप. एक चॅनेलवाला आला, मला म्हणाला, तुम्ही मिमिक्री करता ना, मित्राचा आवाज काढून दाखवा, लोकांना भिडेल. मला सुज्याचा आवाज झोपेतही येतो. मी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. आता लग्नांचा सीझन सुरू झालाय, किनाऱ्यावर कुणीतरी दुसरा पोरगा ड्रोन उडवतो, आणि आमच्या आळीतली माणसं आवाज आला की वर बघत नाहीत. मान खाली घालून घरात जातात. लढाई कुठे, आम्ही कुठे.

काकी मात्र मानायला तयार नव्हती. ती म्हणायची, "फवारणी सांगून नेला आन् हातात बंदूक दिली. ज्यांनी तेवढं खोटं केलं, त्यांचा मरनाचा कागद खरा कसा धरू?" बाळाकाका रोज थोडे थोडे वाकत चालले होते. दिवस घालायचे तर सुज्या गेला म्हणायला हवं, आणि ती म्हणू देईना. शेवटी तीच म्हणाली, "घाला दिवस. पिंडाला कावळा शिवला तर मी मानीन. न्हाय शिवला तर ह्या घरात कुनी त्याला मेला म्हनायचं न्हाय."

दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला आणि दहाव्याला खाडीच्या तोंडाशी पिंड मांडले. बायका जात नाहीत तिथे, पण काकीला कोण अडवणार? आमच्या गावात कावळ्यांना काही तोटा नाही. सुकत घातलेल्या मासळीवर दिवसभर टपलेले असतात आणि काकी काठी घेऊन त्यांना हाकलते. तेच कावळे होडीच्या कडेवर बसून तिच्याकडे बघत होते, आणि ती त्यांच्याकडे. एकही खाली येईना. लोकांनी सुज्याला एकेक वचन द्यायला सुरुवात केली. तुझ्या आईबापाला बघू. त्या एजंटला सोडनार न्हाय. तुझं ड्रोन कुनाला इकनार न्हाय. कुणीतरी पळत जाऊन भजी आणून ठेवली. भटजी म्हणाले, "वहिनी, जरा लांब उभ्या राहा, तुम्हाला घाबरतायत ते." काकी लांब गेली, तरी नाही. भरती चढत होती, ऊन डोक्यावर आलं होतं. सगळ्यांचे चेहरे उतरत चालले होते आणि एकटीचा उजळत चालला होता. पोराचा ताप उतरताना बघावं तसं ती त्या न शिवलेल्या भाताकडे बघत होती.

बाळाकाका वाळूत बसले होते, दोन्ही हातांनी डोकं धरून. ते वर न बघता म्हणाले, "पप्या, सुटका करा रं कुनीतरी." त्यांना काय म्हणायचं होतं ते मी विचारलं नाही. तोंडाला हात लावला आणि कावळ्याचा आवाज काढला. चांगला निघाला, माझे आवाज चांगलेच निघतात. होडीवरचा एक उडाला, पिंडाजवळ उतरला, चोच मारून गेला. सगळ्यांनी श्वास सोडला. बाळाकाका पहिल्यांदा रडले, मोठ्याने, लहान पोरासारखे. भटजींनी हात जोडले.

काकी रडली नाही. वाळू तुडवत सरळ माझ्यासमोर आली आणि सगळ्यांदेखत माझा खांदा धरून हलवला. "कुनी सांगितलं व्हतं तुला मधी तोंड घालायला? सगळ्या जगाचे आवाज काढतोस, काढ. मी कधी काय बोलले? त्या लोकांनी खोटं सांगून नेला, कागद खरा धाडला का खोटा, द्येवाला ठावं. सगळ्यांत एक तेवढा कावळा व्हता, ज्याला कुनी पढवलेलं नव्हतं. त्यालाबी तूच बोलावलास! थांबायचं व्हतंस रं मेल्या, जरा थांबायचं व्हतंस... आला असता तर आपल्या मनानं आला असता. आता सांग मला, माझा पोर गेला का न्हाय? आता मी कुनाला इचारू?"