लाखनीचा निरोगी माणूस

लाखनीला हायवेवर त्याचं पंक्चरचं दुकान होतं. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा शोधताना तो बोलत राही, आणि बुडबुडा दिसला की वाक्य तिथंच सोडून देई.

मानसिक आजारांची कारणं शोधायला आम्ही प्रत्येक रुग्णासोबत त्याच गावचा, त्याच वयाचा एक निरोगी माणूसही तपासत असू. हा तो निरोगी. पहिल्या दिवशी तो आपल्या शेजाऱ्याला, म्हणजे आमच्या रुग्णाला, सोबत घेऊन आला. रुग्ण आपण नजरेनंच ओळखतो, या तोऱ्यात मी ह्यालाच बाकावर बसवून विचारलं, "कोणी नसताना आवाज ऐकू येतात का रे?"

"येतेत ना साहेब. रातभर ट्रकचे."

मी उत्साहानं लिहून घेतलं. शेजाऱ्याला मात्र खुर्ची दिली, "तुमचं कसं चाललंय?" म्हणालो. त्यानं शर्टाचं वरचं बटण लावलं आणि नीट उत्तरं दिली.

शेवटी नावं विचारली तेव्हा अदलाबदल कळली. "अरे, मग मला टोकलं का नाहीस?"

"कायले टोकू? गावात सारे त्याले हाकलतेत. आज कोनी त्याले 'तुम्ही' म्हनून खुर्ची देऊन राहिला, तं..."

वाक्य त्यानं तिथंच सोडलं. बुडबुडा मात्र कुठंच नव्हता.

मुलाखती पुन्हा घेतल्या. या वेळी मी दोन खुर्च्या मागवल्या.