दुसरा वारस नाही

बारामतीत घर घ्यायचं तर बायको रुसली तरी चालेल, पण नीळकंठरावांना विचारल्याशिवाय इसार द्यायचा नाही, असा रिवाजच पडला होता. वकिलांसाठी जुनं दप्तर चाळण्यात त्यांची तीस वर्षं गेलेली. निबंधकाच्या कचेरीत नोंदींवरून बोट फिरवता फिरवता मध्येच थांबून ते चष्मा कपाळावर चढवायचे, की समोरचा इसाराचे पैसे परत खिशात घालायचा. कुणाच्या घरावर बोजा आहे, कुणी दुसरीला गुपचूप काय लिहून दिलं, सगळं त्यांना ठाऊक. आणि त्यातलं निम्मं चहाच्या टपरीला ठाऊक!

शिकवण मात्र खरी द्यायचे. "दप्तर नंतर बघा. आधी शेजारच्या म्हातारीला विचारा, ह्या घरातून लेकी किती नांदायला गेल्या."

बायको वारल्यावर पुण्याला मुलाकडं जायचं ठरलं आणि नीळकंठरावांनी स्वतःचंच घर विकायला काढलं. गिऱ्हाईक आलं साद, एमआयडीसीतल्या दूध कारखान्यातला सुपरवायझर. पोरगा गुणाचा. त्यानं ऐकलं होतं तसंच केलं. पलीकडच्या नूरजहाँचाचींकडं चहा प्यायला, मग घराचा उतारा काढून तो हातात घेऊन परत आला.

"काका, सारजा कोण?"

"थोरली बहीण. बावड्याला दिलीय."

"उताऱ्यावर तर तुम्ही एकटेच."

वडील, म्हणजे आबा, वारले त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. वारस नोंदीसाठी भूमापन कचेरीत दिलेलं प्रतिज्ञापत्र नीळकंठरावांनीच लिहिलं होतं, वळणदार अक्षरात : मयतास माझ्याशिवाय दुसरा वारस नाही. मनात लबाडी नव्हती. चार लेकरांच्या आईला बावड्याहून हेलपाटे कशाला, एवढंच. दिवाळीची साडीचोळी कधी चुकवली नाही. लोकांच्या कागदांतून गळालेल्या लेकी शोधत फिरले, पण स्वतःचा उतारा काढून बघायची गरज त्यांना कधी वाटली नाही.

"मी थांबतो," साद म्हणाला. "पण घर जन्मात एकदाच घेणार, काका. उद्या कुणी हक्क सांगत दारात यायला नको."

हक्कसोडपत्राचा मसुदा पिशवीत घालून नीळकंठराव इंदापूरमार्गे बावड्याला गेले. सारजाअक्का ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. त्यांनी मसुदा वाचून दाखवला. वाचता वाचता आवाज बारीक होत गेला.

"म्हंजी ह्यात लिवलंय, माजा हक्क व्हता, त्यो म्या सोडला?"

"व्हय अक्का. राजीखुशीनं."

"आन् आदीच्या कागदात लिवलंय, मी न्हाईच?"

नीळकंठराव पिशवीचे बंद चाळवत राहिले.

"गावभर दुसऱ्याच्या घरातलं सांगत फिरतोस म्हनं. ह्ये न्हाई सांगितलंस कुनाला?" अक्कानं सूप बाजूला सारलं. "घराचं काय न्हाई रं मला. पन आबा अंथरुनाला खिळले तवा तीन म्हैने त्यांचं गू-मूत म्या काढलं. तू नाकाला रुमाल लावून दारातनं परतायचास. आन् कागदावर त्यांना लेकच न्हाई?"

"चुकलं, अक्का."

"मंग नीट कर. आदी मला आबांची लेक लाव. सोडायचं का काय, त्ये मागनं बघू."

मागच्या वेळी खोटं लिहून दिलं, असं नीळकंठरावांना पुन्हा त्याच कचेरीत लिहून द्यावं लागलं. टपरीनं उट्टं काढलं. आठवडाभर त्यांची अक्का चहाबरोबर चघळली गेली, आणि ते आपले कोपऱ्यात गार झालेला चहा पीत बसलेले. नोटिसा, खेपा, जबाब. चार महिने गेले. साद थांबला.

नाव लागलेला उतारा घेऊन ते बावड्याला गेले. अक्काला वाचता येत नव्हतं. तिनं त्यांचं बोट धरून नावावर ठेवून घेतलं, मग ते बाजूला करून आपलं ठेवलं. बराच वेळ.

"सोडत न्हाई मी," ती म्हणाली. "सोडनं लई झालं. तुज्यासंगं बसून इकनार."

खरेदीखतात लिहून देणार दोन झाले. पहिली सारजाअक्का, कारण थोरली. नोंदणीच्या दिवशी ती इरकली लुगडं नेसून आली, हात मांडीवर ठेवून ताठ बसली. टेबलामागच्या माणसानं मान वर न करता विचारलं, "आजी, वडलांचं नाव?"

सवयीनं नीळकंठरावांचं तोंड उघडलं होतं. त्यांनी ते मिटून घेतलं.

अक्कानं डोक्यावरचा पदर सावरला आणि आबांचं पुरं नाव, आडनावासकट, बाहेरच्या बाकड्यावरच्यांनाही ऐकू जाईल असं सांगितलं.