ह्यात पानी कुटं हाय?

सरकारी माणसाला न घाबरणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि ती माझी घरमालकीण होती. उलट सरकारी माणसंच तिला घाबरायची. तिची सुकटीची पाटी फाटकातून आत येताना दिसली की कचेरीतला हेडक्लार्क मागच्या दारानं चहा प्यायला निघून जाई. चहा पिऊन, पान खाऊन, उगाच इकडेतिकडे करून तो परत येईपर्यंत ही बाई त्याच्याच टेबलापाशी जमिनीवर फतकल मारून बसलेली असे. खुर्ची दिली तर घ्यायची नाही. "खुरचीवर बसला का मानूस उटाया बगतो," म्हणायची, "मी बसाला आलेय." आणि खरंच बसायची. टेबलाखालून येणारा सुक्या बोंबलाचा वास त्या कचेरीनं किती वर्षं सोसला, ते त्या कचेरीलाच माहीत. मला विचाराल तर कमी सोसला.

स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली होती. मी रोह्याकडच्या भातशेतीवाल्या घरातला, नवा कोरा प्राथमिक शिक्षक, रेवदंड्याच्या खालच्या अंगाला एका खाडीकाठच्या कोळीवाड्यात बदलून आलो आणि हिच्या पडवीतल्या खोलीत राहिलो. नवरा कधीच गेलेला. ती डोक्यावर पाटी घेऊन आसपासच्या दहा गावांत सुकी मासळी विकत फिरे. मी तिला मावशी म्हणे. ती मला मास्तर म्हणे आणि सरळ 'तू' म्हणे. पहिल्याच दिवशी तिनं माझ्या खोलीत येऊन माझं घड्याळ हातात घेतलं, कानाला लावलं आणि विचारलं, "ह्याला भरती कलते का रे?" नाही म्हटल्यावर परत ठेवून दिलं. त्यानंतर तिनं त्या घड्याळाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

तिच्या संतापाचं कारण आधीच सांगून टाकतो, कारण ते तिनंही कुणापासून लपवलं नव्हतं. तिची एकुलती एक मुलगी, जानकी, पहिल्या बाळंतपणात अडली. सुईणीनं हात टेकले, तेव्हा जानकीला बाजेसकट तरीत, पलीकडे जाणाऱ्या होडीत, घातली. सरकारी दवाखाना खाडीपलीकडे, अगदी समोर, त्याची कौलं इथून मोजून घ्यावीत इतका जवळ. पण सुकती लागली होती, म्हणजे ओहोटी. सुकतीला आमच्या खाडीत मधल्या ओहळापुरतं पाणी उरतं आणि दोन्ही काठांना कमरेएवढा चिखल. त्यात तरही रुतते, माणूसही रुततो. चार बाप्यांनी बाज खांद्यावर घेऊन उतरायचं बघितलं, मांड्यांपर्यंत गेले आणि माघारी फिरले. भरतीची वाट बघत होडी चिखलात बसून राहिली. पाणी चढलं तेव्हा जानकी गेलेली होती, पोटातलं मूलही. भर दुपारची गोष्ट. पलीकडे दवाखान्याचा शिपाई कपाळावर हात धरून बघत उभा होता. मावशी हे सांगताना रडत नसे. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड होई. "आमचा पापलेट बरफात घालून मुंबयला ताजा पोचतो," ती ओरडे, "आनि आमची पोर मैलभर पोचत न्हाय! पापलेट व्हऊन जल्माला आली असती तं वाचली असती."

आणि ही एकट्या जानकीची गोष्ट नव्हती. दरवर्षी कुणी ना कुणी असंच जात होतं. आमच्या बाजूला एक नर्स आणि औषधांचं एक कपाट द्या, एवढंच गावाचं मागणं होतं. कचेरी म्हणे, मैलभरावर दवाखाना असताना दुसरा मिळत नाही. नकाशात मैलभरच होतं ना! तो नकाशा काढणारा माणूस मला एकदा भेटायला हवा होता. त्याला मी सुकतीत उभा केला असता आणि म्हटलं असतं, आता चाल बाबा मैलभर.

एकदा शाळेत गावकऱ्यांसाठी आरोग्याचे व्याख्याते आले. पांढरे स्वच्छ कपडे, हातात छडी, भिंतीवर डासाचं मोठं चित्र. शेवटी त्यांनी आवाज चढवून सांगितलं, की जगातल्या सगळ्या देशांनी एकत्र बसून कबूल केलंय, निरोगी राहणं हा प्रत्येक माणसाचा हक्क आहे, मग तो गरीब असो की श्रीमंत. मावशी उभी राहिली. "सगल्या देशांनी?" "हो बाई, सगळ्या." "मंग खाडीच्या ह्या बाजूचा कोन गेलता तिथं?" माणसं फिदीफिदी हसली. मला मात्र हसू आलं नाही, कारण व्याख्यात्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. सुटका करून घ्यायला ते म्हणाले, "बाई, नुसतं बोलून भागत नाही. लोकांचे अनुभव गोळा करा, लेखी द्या. सरकारला पुरावा लागतो." बिचाऱ्याला वाटलं, झालं, मिटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी माझ्या दारात उभी. "मास्तर, वही घे. आज रैवार हाय."

त्यानंतरचे माझे किती रविवार गेले ते विचारू नका. पुढे ती, मागे मी, शाई सांभाळत. बांधावरून, खाजणाच्या खाऱ्या दलदलीतून, कोळीवाड्यांतून, आगरी पाड्यांतून. माझी एक चप्पल खाडीत कायमची गेली. मावशी कुठल्याही घरात शिरताना "सुकट घेता का" असं विचारायच्या आधी "ह्या घरात कोन गेला?" असं विचारी. दुसऱ्या कुणी असं विचारलं असतं तर लोकांनी हाकलून दिलं असतं. हिला पाट मिळे. हकिगत घ्यायचे तिचे कायदे कोर्टापेक्षा कडक होते. सुनेची हकिगत घेताना सासूला बाहेर काढायची. "तुजा दुखना तुला इचारीन, तवा बोल. आता तिचा हाय." कुणी हुंदके द्यायला लागलं की पाठीवरून हात फिरवी, पण थांबू देत नसे. "रडायचा ते मागनं. मी पन बसते तुज्यासंगं रडाला. आदी सांग, पानी कवडा होता?" कुणी वाढवून सांगितलं तर जागच्या जागी खोडून टाकायला लावी. एका म्हाताऱ्यानं सांगितलं, आपल्या भावाला नाग सात वेळा डसला. "एकदाच डसला," मावशी म्हणाली. "मी होते तवा. एकदा डसला त्यानंबी मानूस मरतो रे. कशाला सात बोलतोस?"

पण तिचं पित्त खरं खवळे ते "देवानं नेला" या शब्दांनी. एका पाड्यावर एक बाप आपल्या तापानं गेलेल्या मुलाबद्दल एवढंच बोलला आणि उठून आत जायला लागला. मावशीनं पाटी खाली आपटली. "देवाला दुसरा काय काम न्हाय? तुज्या पोराला न्ह्यायला तो चिकलातनं आला काय? तर लागली न्हाय म्हन! डागदर पलीकडं होता म्हन!" तो माणूस घाबरून तिच्याकडे बघत राहिला. मग हळूहळू बोलायला लागला, आणि जे बोलला ते मी त्याच्याच शब्दांत वहीत उतरवलं. मुलाला पाठीवर घेऊन तो पुनवेच्या सकाळी चिखलाच्या कडेला उभा होता, आणि मुलगा विचारत होता, "बाबा, पानी कवा येल?" ही माणसं घड्याळ बघत नसत, तारखा जाणत नसत. त्यांचं सगळं पाण्यावर. अमक्या महिन्याची पुनव, सुकतीचा शेवट. अमक्या महिन्याची अवस, पानी फिराच्या आदी. प्रत्येक हकिगत अशीच सुरू होई.

आणि इथं मी माती खाल्ली. मी शिकलेला ना! त्या तीस-पस्तीस हकिगती घेऊन मी सुट्टीत बसलो आणि त्यांचा सुंदर अर्ज केला. पंचांग काढून तिथ्यांच्या इंग्रजी तारखा केल्या. सुकती, चिखल, तर, सगळं गाळलं, कारण ते मला अडाणीपणाचं वाटलं. "बाबा, पानी कवा येल?" याच्या जागी लिहिलं, "योग्य उपचारांअभावी दुःखद निधन." पुढे वय, खाली अंगठे. मावशीला अर्ज वाचून दाखवायचीही मला गरज वाटली नाही. अर्ज गेला. सात-आठ महिन्यांनी उत्तर आलं, की सदर मृत्यू वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या कारणांनी झालेले असून त्यांत काहीही समान आढळत नाही, साथीचा रोग नाही, सबब कारवाईचं प्रयोजन नाही.

मावशीनं उत्तर ऐकलं आणि म्हणाली, "आता आपला वाच." मी अर्ज वाचला. माझंच अक्षर, माझीच भाषा, मोठ्या ऐटीत वाचायला घेतलं आणि अर्ध्यावर माझी ऐट उतरली. ती शेवटपर्यंत ऐकून घेत होती. मग म्हणाली, "मास्तर, ह्यात पानी कुटं हाय?" मी अर्जाची पानं पुन्हा चाळली. "मानसा पान्यानं मेली. पानी असता तं वाचली असती. तू पानीच काडून टाकलास! मंग त्याला कसा दिसल, सगली एकाच रोगानं मेली ते?" तीन दिवस ती मला पाहून पाठ फिरवी. जेवायचं ताट दारात ठेवून जाई. थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं. मला त्या कारकुनाचा राग येत होता, पण त्याहून जास्त माझा स्वतःचा येत होता, आणि खरं सांगतो, आजही येतो.

चौथ्या दिवशी मीच मूळची वही काढली आणि सगळ्या हकिगती जशा सांगितल्या तशा, एकही शब्द न सुधारता, नव्यानं उतरवल्या. शुद्धलेखनाच्या चुका म्हणून विद्यार्थ्यांना मी ज्या छड्या मारल्या होत्या, त्या सगळ्या आठवत लिहिल्या. आरोग्य खात्याचे एक मोठे साहेब दौऱ्यावर आले तेव्हा मावशी मला घेऊन त्यांच्यापुढे जमिनीवर बसली. "हा वाचल. तुमी आइकायचा." साहेबांनी घड्याळ पाहिलं. मी वाचायला लागलो. चौथ्या-पाचव्या हकिगतीला त्यांनी पुन्हा घड्याळ पाहिलं. दहाव्या हकिगतीला त्यांनी हात वर केला. मला वाटलं, संपलं. पण त्यांनी कारकुनाला गेल्या वर्षांची भरती-ओहोटीची छापील कोष्टकं आणायला सांगितलं. मग मी हकिगत वाचायची, जुन्या अर्जातली तिची तारीख सांगायची, ते पान उलटायचे आणि बोट ठेवायचे. सुकती. सुकती. पुन्हा सुकती. "प्रत्येक वेळी?" ते हलक्या आवाजात म्हणाले. "मंग आमी दुसरा काय बोलतो हाव, बाबा?" मावशी म्हणाली. ती त्यांच्यावर ओरडली नाही. तिनं साहेबांना पाटीतले चांगले बोंबील काढून दिले, आणि त्यांनी ते घेतलेही.

तरी दोन वर्षं गेली. साहेबानं मान्य केलेलं कागदानं मान्य करायला दोन वर्षं! त्या दोन वर्षांत आणखी तीन हकिगती वहीत चढल्या. त्या तीन माणसांबद्दल कुणाला जाब विचारायचा, ते मला अजून कळलेलं नाही. अखेर हुकूम आला. लोकांच्या गरजेचा विचार करून खाडीच्या या बाजूस एक नर्स व औषधांचा साठा मंजूर करण्यात येत आहे. एवढीच ओळ. गावात गूळ वाटला. मावशीनं गूळ खाल्ला नाही. पाटी उचलली आणि म्हणाली, "चल. ज्यांनी सांगितला, त्यांना सांगाला नको?"

पुन्हा तेच बांध, तीच खाजणं. एकेका घरापुढे ती मला उभा करी आणि मी हुकूम वाची. माणसं हात पुसत बाहेर येऊन ऐकत. वाचून झालं की जवळजवळ प्रत्येक घरात तोच प्रश्न येई, "आमच्या मानसाचा नाव हाय का त्यात?" मी खरं ते सांगे, की नाही, हुकमात नावं नसतात. माणसं मान हलवीत. कुणी म्हणे, "नसू दे, दुसऱ्याचा तरी वाचल." मावशी त्या वेळी दुसरीकडे बघे. मला त्या ओळीचा, ती लिहिणाऱ्याचा, सगळ्या कचेरीचा संताप येई, पण करणार काय.

शेवटचं घर आटोपून आम्ही परत आलो. मावशीनं पाटी उतरवली, पाय धुतले, डोक्यावर पदर घेतला आणि आपल्याच ओट्यावर परक्या बाईसारखी बसली. म्हणाली, "एक घर ऱ्हायला."

मी कागद उघडला. तो एव्हाना मला पाठ झाला होता आणि तिलाही झाला होता. मी वाचलं, की लोकांच्या गरजेचा विचार करून, आणि जानकीच्या मृत्यूचा विचार करून, खाडीच्या या बाजूस एक नर्स व औषधांचा साठा मंजूर करण्यात येत आहे.

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं.

"परत वाच," ती म्हणाली.