मोसम संपेपर्यंत

चौदा वर्षांत तेरा संघ. एवढे संघ बदलणारा माणूस एक तर भांडकुदळ असणार, नाहीतर फार गुणी, असं लोकांना वाटतं. पाहुणा या दोन्हींतला नव्हता. भांडला असता तर निदान एखाद्या संघाने त्याला लक्षात तरी ठेवलं असतं. त्याचं काम सरळ होतं. व्यावसायिक बास्केटबॉलच्या कुठल्यातरी संघात कुणाचा तरी घोटा मुरगळायचा, कुणाचं बोट मोडायचं, की याला एजंटचा फोन यायचा : बॅग भर. जायबंदी गडी बरा झाला की याची उचलबांगडी. दुसऱ्याच्या दुखण्यावर आपलं घर चालतं, हे तो स्वतःच हसत सांगायचा. म्हणजे सुरुवातीची काही वर्षं हसत. पुढे नुसतंच सांगायचा.

‘पाहुणा’ हे नाव चौथ्या संघात पडलं आणि मग ते त्याच्या आधी जाऊन पोहोचायला लागलं. नव्या गावात बसमधून उतरला की न्यायला आलेला माणूस खरं नाव विचारायच्या भानगडीत पडत नसे. साडेसहा फुटांच्या वर गेलेला, मोठी बॅग घेतलेला एकच इसम दिसायचा. संघाने दिलेल्या खोलीतली खाट कायम आखूड निघायची. गादी जमिनीवर ओढायची, तिरकं झोपायचं, सकाळी सरावाला जायचं. पहिल्याच सकाळी त्या संघाच्या खुणा पाठ करायच्या. सगळे संघ तेच दहा-बारा डाव खेळतात, फक्त प्रत्येकाच्या खुणा वेगळ्या. सातव्या संघात एकदा कोचने मूठ वर केली आणि पाहुणा पाचव्या संघाचा डाव खेळायला निघाला. बाकीचे चौघे डावीकडे, हा उजव्या कोपऱ्यात हात वर करून एकटाच. चेंडू काही आला नाही. सगळं मैदान हसलं, तोही हसला, आणि त्या दिवसापासून तो खेळायच्या आधी तळहातावर पेनाने खुणा लिहायला लागला.

त्याची बायको आणि नऊ वर्षांची लेक बायकोच्या माहेरी राहत. पूर्वी एकदा दोघी सामानसुमान घेऊन त्याच्याकडे राहायला आल्या होत्या. लेकीचं नाव शाळेत घातलं, तिला एक मैत्रीण मिळाली, आणि सहाव्या आठवड्यात ज्याच्या जागी पाहुणा खेळत होता तो गडी ठणठणीत झाला. चंबूगबाळं आवरून तिघं निघाले तेव्हा लेक गाडीत चार तास एक शब्द बोलली नाही. त्यानंतर बायकोने सांगून टाकलं, ‘मोसम संपेपर्यंतचा कागद असेल तर बोलव. नाहीतर फोनवर बरे आपण.’ यात राग नव्हता. तिने हिशेबी बाईसारखं सांगितलं आणि त्यानेही मान डोलावली. तसा कागद त्याच्या हातात आजवर पडला नव्हता, आणि छत्तिसाव्या वर्षी, हा मोसम गेला की पुढचा फोन येईलच असं एजंटही म्हणत नव्हता.

तेराव्या संघात कप्तानाचा डावा गुडघा गेला होता. दोन महिने पाहुणा त्याच्या जागी खेळला. शिवाय सकाळी त्याच्या सरावालाही तोच उभा राहायचा, कारण बाकीच्यांना घरं होती, पोरांना शाळेत सोडायचं होतं. कप्तान रिंगवर चेंडू टाकणार, हा गोळा करून परत देणार. रोज तीनशे वेळा. दोघं फारसं बोलत नसत. कप्तान एकतीस वर्षांचा, या एकाच संघात वाढलेला, आणि परत खेळायला नुसता तडफडत होता. मोसमाचे अजून पाच महिने बाकी होते, पण त्याला एक सामनाही थांबायचं नव्हतं.

गुडघ्याची चाचणी एका गुरुवारी झाली. फिजिओबाईंनी फरशीवर पांढरी पट्टी चिकटवली, टेप घेतला. एका पायावर उडी मारायची, त्याच पायावर थांबायचं. आधी चांगला पाय, मग दुखरा. दोन्ही उड्यांत फारसा फरक नसला की गडी खेळायला मोकळा. कप्तानाने चांगल्या पायाने उडी मारली आणि पाहुण्याला दिसलं. उतरल्यावर तो जरासुद्धा हलला नाही. पूर्ण ताकद लावलेला माणूस उतरताना थोडा तरी पुढे जातो. हा पायरीवरून उतरावा तसा उतरला. चांगल्या पायाने मुद्दाम कमी उडी मारायची, म्हणजे वाईट पायाची उडी आपोआप चांगली दिसते. पाहुण्याने हीच लबाडी आठव्या संघात केली होती आणि ती कुणाच्या बापाला कळली नव्हती.

फिजिओबाईंनी आकडे लिहिले, तरी त्यांचं समाधान होईना. त्या पाहुण्याकडे वळल्या. ‘तुम्ही रोज सकाळी याच्याबरोबर असता. तुम्हाला काय वाटतं? तुमचं म्हणणं मी कोचना सांगेन.’

कप्तान बुटाच्या नाड्यांकडे बघत होता.

‘अजून तयार नाही’ एवढं म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर कप्तान बाहेर, हा मोसम संपेपर्यंत आत, आणि महिनाअखेरीस लेक इथे. म्हणूनच ते म्हणता येईना. अख्ख्या संघाने म्हटलं असतं, बघा, पाहुणा खुर्ची सोडत नाही. खरं बोलायला जावं तर तेच नेमकं त्याच्या फायद्याचं निघत होतं.

‘ठीक आहे,’ तो म्हणाला.

संध्याकाळी कोचनी त्याला बोलावून घेतलं. ‘पाहुणे, तुम्ही मोठ्या मनाचे. रविवारचा सामना बघून जा. सोमवारचं तिकीट काढलंय.’ त्याने आभार मानले. खोलीवर येऊन बॅग भरायला त्याला वीस मिनिटं लागली, सवयीचं काम. बायकोला फोन केला. ‘बरं,’ ती म्हणाली आणि विषय बदलला. आपल्याला वाईट वाटतंय का, हे त्याने जरा थांबून पाहिलं. काही सापडलं नाही.

रविवारी दुपारी तो प्रेक्षकांत बसला. दुसऱ्या सत्रात कप्तानाने चेंडूसाठी झेप घेतली, डाव्या पायावर उतरला आणि खालीच बसला. ओरडला नाही. नुसता फरशीवर हात टेकून बसून राहिला. पाहुण्याच्या मनात जे पहिलं आलं ते असं, की सोमवारचं तिकीट रद्द करावं लागेल. ते आल्याचं त्याला कळलं, आणि कळूनही काही झालं नाही. तेवढ्यात कोचनी वळून प्रेक्षकांत त्याला शोधलं.

सोमवारी सकाळी सही झाली. मोसम संपेपर्यंत. खोलीवर येऊन त्याने बायकोला सांगितलं. ती म्हणाली, ‘नक्की? लिहून दिलंय?’

‘लिहून दिलंय. तुला एक सांगायचंय.’ आणि त्याने सगळं सांगितलं. उडी, बाईंचा प्रश्न, आपलं उत्तर. ‘तो दोन सामने टिकणार नाही हे मला ठाऊक होतं. लोक काय म्हणतील म्हणून मी ‘ठीक आहे’ म्हणालो, की तो पडावा म्हणून, हे मला आठवतच नाही. खरंच आठवत नाही.’

पलीकडे नळ वाहत होता, तो बंद झाला. ‘डॉक्टर काय म्हणतात?’

‘आता खेळणं नाही म्हणतात. कधीच.’

‘त्याच्या बायकोला माहीत आहे? तुला दिसलं होतं ते?’

‘नाही. कुणालाच नाही.’

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, ‘तिथल्या शाळेच्या फॉर्मची आज शेवटची तारीख आहे. भरू?’

‘भर.’

‘पत्ता काय लिहू?’

पत्ता त्याला माहीत नव्हता. दोन महिने संघाची गाडी न्यायची आणि आणून सोडायची. ‘थांब,’ म्हणाला आणि चपला घालून तीन जिने उतरला. फाटकावर घराचा नंबर होता; रस्त्याचं नाव कोपऱ्यावरच्या पाटीवर, तिथपर्यंत चालत गेला. एकेक अक्षर वाचून दाखवलं. पलीकडे ती लिहून घेत होती.

‘मजला?’

तो काहीतरी बोलला, पण आवाज फुटला नाही.

‘ऐकू नाही आलं,’ ती म्हणाली.

‘तिसरा,’ तो म्हणाला.