सीडीची नाजूक बाजू

आगरदांड्याच्या रस्त्यावर जुन्या सीडी पेनड्राइव्हवर उतरवून देणारा एक जण बसतो. कुठलीही सीडी तो आधी उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी न्याहाळतो. कशासाठी, हे मी एकदा विचारलंच.

"लोक चकचकीत बाजू जपतात. नाजूक असते ती वरची. आपण नाव लिहितो ना, त्याच्या खालीच सगळं असतं. मधून सुरुवात, कडेला शेवट."

परवा आईसोबत ताईच्या लग्नाची सीडी नेली. सगळं उतरलं, शेवटची पाठवणी तेवढी नाही. आईचा चेहरा पडला.

सीडीच्या कडेला मी बॉलपेन दाबून ताईचं नाव लिहिलं होतं. त्यानं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं, माझ्याकडे पाहिलं.

"खारी हवा, काकी. काय टिकत न्हाय इथं."

निघताना त्यानं माझ्या खिशात मऊ टोकाचा मार्कर खोचला.